दुपारी तीनचा सूर्यास्त

कासमभाई, ऑस्ट्रियातल्या त्या डोंगरातल्या गावात पाच दिवस सूर्य दुपारी तीनला बुडाला, तो मी बुडवला होता. एवढं एक वाक्य तुम्ही असताना तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं. त्यानंतर अडीच-तीन वर्षं मिळाली. आठवड्यातून एकदा तरी आपली गाठ पडायचीच, कधी तुमच्या स्वयंपाकघरात, कधी माझ्या हॉस्टेलच्या फाटकाशी. तरी ते काही तोंडातून बाहेर पडलं नाही. आता तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. आज मला सुट्टी आहे, खोलीतल्या दोघीजणी ड्यूटीवर गेल्यात आणि मी कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, म्हणून थोडं मोठ्यानं बोलत लिहिते.

चिडू नका, असं लिहिणार होते. पण तुम्ही चिडायचातच कुठे? चिडायचं खातं माझं. मी तोंडाचा पट्टा सोडायचे, तुम्ही मान खाली घालून कांदा चिरत राहायचात, आणि शेवटी तुम्हाला हवं होतं तेच करायचात. तुमच्यासारखा हट्टी माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि वॉर्डात रोज चाळीस हट्टी माणसं बघते मी.

मी नर्स म्हणून कुवेतला आले तेव्हा इथे अजून रुपयाच चालायचा. पहिल्या वर्षी वॉर्डात एका व्यापाऱ्याची म्हातारी आई दम्यानं हैराण होऊन आली आणि बरी होऊन जाताना 'हीच पोरगी सुई टोचायला घरी हवी' म्हणून हटून बसली. तीच आपली युम्मा. तिच्या मुलाला सगळे नोकर अरबाब म्हणायचे आणि तुम्ही त्या घरचे खानसामे. पहिल्याच दिवशी मी इंजेक्शन देऊन निघाले, तर तुम्ही मागून हाक मारून गाव विचारलंत. दाभोळच्या खाडीच्या अलीकडे मी, पलीकडे तुम्ही. 'मंग तर आपन शेजारी,' म्हणालात आणि आमसुलं घातलेली बांगड्याची कढी माझ्यापुढे ठेवलीत. सात महिन्यांनी मी कोकणातल्या चवीचं काही खात होते. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटानं आलं असं मी सांगितलं. तुम्ही लगेच मानलंत. माझं सगळंच लगेच मानायची खोड तुम्हाला तेव्हापासूनची.

मग रजेवर गेलात की खाडी ओलांडून माझ्या आईला भेटून येऊ लागलात. तिच्यासाठी चहाचा डबा न्यायचात, ती तुमच्याबरोबर माझ्यासाठी आंबोशी द्यायची. एकदा अर्धी आंबोशी वाटेत बोटीवर तुम्हीच संपवलीत आणि वर कबूलही केलंत. आईला तुमचं इतकं कौतुक होतं की मला तिनं कधी 'बरी आहेस का' म्हणून विचारलं तर त्याच्या आधी 'कासम बरा आहे का' असायचं.

त्या वर्षी युम्माचा दमा फारच वाढला. कुणीतरी अरबाबच्या डोक्यात भरवलं की ऑस्ट्रियातल्या डोंगरांत छातीच्या रोग्यांसाठी चांगले डॉक्टर आहेत आणि हवा तर औषधासारखी. पैशाला कमी नव्हतंच. युम्मा, तिची नर्स म्हणून मी, तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही म्हणून तुम्ही, आणि अरबाब, अशी चौघांची वरात बैरूतला विमान बदलून व्हिएन्नाला आणि तिथून आगगाडीनं त्या गावात पोचली. डिसेंबर नुकताच लागला होता. गावाचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. मलाही नाही, पण मी म्हणता येतं असं दाखवायचे. तुम्ही सरळ त्याला 'वरची वाडी' म्हणून टाकलंत आणि मग आपल्या दोघांत तेच नाव पडलं.

स्टेशनवर उतरलो तेव्हा बर्फ पडत होतं. युम्मा खुर्चीत गुंडाळलेली, अरबाब हमालांवर ओरडतोय, मी नऊवारी म्हणावेत इतके लांब लोकरीचे मोजे साडीच्या आत घालून कुडकुडतेय, आणि तुम्ही अरबाबचा जुना ओव्हरकोट घालून, तळहात पुढे करून उभे. हातावर पडलेलं बर्फ तुम्ही चाखून बघितलंत. मी विचारलं कसं आहे, तर म्हणालात मीठ कमी आहे. इतक्या थंडीतही मी हसले.

घर लाकडाचं होतं, दुमजली. खोलीत कोपऱ्यात हिरव्या फरशांची भलीमोठी शेगडी, तिला पाठ लावून बसायला बाक. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची, उंच, लाल गालांची, आपल्याशी जर्मनमध्येच बोलायची आणि आपण समजलो नाही की तेच अधिक मोठ्यानं बोलायची. तुम्ही तिला कोकणी बोलीत उत्तर द्यायचात. तुमचं दोघांचं छान चालायचं. फक्त तुम्ही सुकट भाजलीत त्या दिवशी तिनं घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि बाहेर उणे दहा होतं. तास-दीड तास आपण चौघं शेगडीला चिकटून बसलो होतो. अरबाबनं दुसऱ्या दिवशी काम काढून व्हिएन्ना गाठलं, त्यात त्या सुकटीचाही हात असावा अशी मला शंका आहे.

आणि तो गेला त्याच आठवड्यात रमजान लागला.

तुम्हाला प्रवासापासून ताप येत होता. खोकताना छातीत घुरघुर ऐकू यायची. युम्माला तपासायला आलेल्या गावच्या डॉक्टरला मी तुमची छाती तपासायला लावली. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, गोळ्या वेळेवर, सोबत भरपूर पाणी, पोटात गरम अन्न, नाहीतर याला वर हॉस्पिटलात पाठवावं लागेल. आणि तुम्ही जाहीर केलंत की रोजे धरणार. मी म्हटलं, प्रवासात सूट असते हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. तुम्ही म्हणालात, चार दिवसांवर एका जागी मुक्काम झाला की मुसाफिरी संपली. म्हटलं, आजाऱ्यालाही असते. म्हणालात, आजारी युम्मा आहे, मी चालताफिरता माणूस. बाराव्या वर्षापासून एक रोजा चुकवला नाही, मचव्यावर समुद्रात असताना चुकवला नाही, कुवेतच्या ऐन ऑगस्टात चुकवला नाही, आणि इथे बर्फात, जिथे तहानसुद्धा लागत नाही, तिथे चुकवू? मी फक्त संतापले.

पहिल्या दिवशी दुपारी तुम्ही अंगणातलं बर्फ ओढायला गेलात आणि फावड्याला टेकून उभेच राहिलात. मी खिडकीतून बघत होते. हात लावून बघितलं तर एकशेतीन तरी असेल. खरं सांगते, मला तुमची काळजी होती तितकीच माझीही होती. तुम्ही आडवे पडलात तर त्या परमुलखात, भाषा येत नाही, पैसे सगळे अरबाबच्या खिशात, पदरी दम्याची म्हातारी, मी एकटी काय करणार होते? ही भीती मी कुणालाच सांगितली नाही. तुम्हाला आज सांगते.

आता त्या सूर्याचं. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, डोळ्यांदेखत, पुरता. कुवेतला आडवं यायला काही नाहीच, शिवाय रोजा सोडायची वेळ झाली की तोफ वाजते. डोंगराच्या आड गेलेला सूर्य बुडालेला नसतो, हा हिशेब तुम्हाला आयुष्यात कधी करावाच लागला नव्हता. वरच्या वाडीच्या दोन्ही अंगांना डोंगर होते आणि डिसेंबरात दुपारी तीनच्या जरा आधी सूर्य पश्चिमेच्या सुळक्यामागे जायचा. गावावर सावली पडायची, खिडक्यांत दिवे लागायचे. त्यात तुमचं मनगटी घड्याळ कुवेतच्याच वेळेवर. घड्याळ घरच्या वेळेवर असलं की माणूस हरवत नाही, असं तुमचं म्हणणं. त्या घड्याळात तेव्हा पाचला दहा कमी झालेले, म्हणजे कुवेतमध्ये बरोबर तोफेची वेळ. घड्याळ आणि सूर्य, दोघांनी मिळून तुम्हाला एकच गोष्ट सांगितली.

तरी तुम्ही थबकलात. हातात खजूर घेऊन खिडकीशी आलात आणि समोरच्या, पूर्वेकडच्या शिखराकडे बोट केलंत. त्याच्या टोकावर ऊन होतं, चांगलं पिवळंधमक. मला म्हणालात, "बाय, तू शिकलेली हाईस. बुडाला काय खरंच? तिकडं ऊन हाय अजून."

माझ्या मनगटावर गावची वेळ होती. युम्माच्या औषधांसाठी मी ते पहिल्याच दिवशी लावून घेतलं होतं. सूर्य बुडायला अजून सव्वा तास होता हे मला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, ते ऊन नाही, बर्फ तसं चमकतं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "शपथ घे."

"आईशपथ, बुडाला."

तुम्ही बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात घातलात. मी लगोलग गरम पाणी दिलं, गोळ्या दिल्या, तांदळाची पेज दिली. तुम्ही शेगडीला पाठ टेकून झोपलात आणि मी युम्माच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तेव्हा मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. उलट डोकं चालवलं म्हणून स्वतःवर खूश होते. पाच दिवस हेच चाललं. शपथ पहिल्याच दिवशी घेतली होती, पुढचे चार दिवस तुम्ही विचारलंही नाहीत. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि तुम्ही खाली घरमालकिणीला घावणे करून खायला घातलेत.

सहाव्या दिवशी अरबाब परत आला. व्हिएन्नात कुणा इजिप्शियन विद्यार्थ्याकडून त्यानं महिन्याभराच्या वेळा लिहून आणल्या होत्या. दारात पाय ठेवतो तर तीन वाजता तुम्ही पेजेचं भांडं पुढ्यात घेऊन बसलेले, खजूर अजून हातातच. त्यानं आपला कागद बघितला, घड्याळ बघितलं, आणि इतका हसला, इतका हसला की खाली बसला. मग तुम्हाला खिडकीशी नेऊन त्या उन्हातल्या शिखराकडे बोट केलं. तुम्ही शिखराकडे बघितलंत, मग आपल्या घड्याळाकडे, आणि मग माझ्याकडे. मी थर्मामीटर झटकत होते. फार वेळ झटकत होते.

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण अरबाब हसत होता, पलंगावर युम्मा हसत होती, आणि कासमभाई, देवाची क्षमा मागून सांगते, मीही त्यांच्याबरोबर हसले.

कुवेतला आल्यावर अरबाबनं आपल्या दिवाणखान्यात ही गोष्ट सांगितली. तिथून त्याच्या ड्रायव्हरनं ती उचलली आणि आपल्या रत्नागिरीवाल्यांच्या वस्तीत नेली. हॉस्टेलवर तर मीच सांगितली, वर मीठमसाला लावून. तुमचं नाव पडलं तीनवाला कासम. मासळीबाजारात पोरं तुम्हाला विचारायची, कासमचाचा, बुडाला काय? ज्या माणसानं बाराव्या वर्षापासून एक रोजा चुकवला नाही, त्याला. तुम्ही नुसते हसायचात, आणि मी सोबत असले तर माझ्याकडे मान करून म्हणायचात, बायला इचारा, ती शिकलेली हाय. मला वाटायचं तुम्ही माझं कौतुक करताय. मी आपली फुगायचे.

पुढच्या उन्हाळ्यात युम्माला तिथली हवा मानवली म्हणून आपली सगळी वरात पुन्हा वरच्या वाडीला. तेच स्टेशन, तेच घर, आणि काहीच ओळखू येईना. जिथे पांढऱ्याशिवाय रंग नव्हता तिथे हिरवंगार कुरण, खिडक्यांतून लाल फुलांचे खोके, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. आपण हिवाळाभर ज्याला अंगण समजत होतो ते निघालं घरमालकिणीचं कोबीचं शेत. तुम्ही कपाळाला हात लावलात, कारण युम्माच्या शेगडीची राख तुम्ही रोज तिथेच टाकली होती. ती बाई मात्र तुमचा हात धरून तुम्हाला कोबीचे गड्डे दाखवत फिरली. राखेनं कोबी चांगला आला असं ती सांगत असावी. तुम्ही तिला सांगितलंत, होय, आमच्याकडे पण घालतात.

मला हिवाळ्यातलं गाव आवडलं होतं. गप्प, झाकलेलं, कुणी काही विचारत नाही असं. तुम्हाला उन्हाळ्यातलं. खरं गाव हेच, म्हणायचात, ते तर नुसतं झोपलं होतं. मी म्हणायचे, झोपलेला माणूस काय खोटा असतो? यावरून आपण तिथे भांडलो, परतीच्या विमानात भांडलो, आणि परवापरवापर्यंत भांडत होतो. शेवटचं भांडण तुमच्या गच्चीवर झालं. मी दोन दिवसांत चांगला मुद्दा शोधून आणते म्हणून गेले, आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर हॉस्पिटलात मला शोधत आला. मुद्दा मला खरंच सापडला होता. आता तो कुणाला सांगू?

गवतकापणीच्या दिवसांत तुम्ही कामावरून नाहीसेच व्हायचात. शेजाऱ्यांच्या कुरणावर जाऊन दाताळं हातात घ्यायचात. त्यांची पद्धत लाकडी घोड्यांवर गवत वाळत घालायची. तुम्ही त्यांना आपली उडवी रचून दाखवलीत, मधे खांब, वरून गोल. सगळं कुटुंब भोवती उभं राहून बघत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मोडून पुन्हा घोड्यांवर घातली, पण तुमचं मन राखायला एक दिवस तशीच ठेवली, हे मला फार आवडलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तुम्ही मला कुरणाच्या वरच्या टोकाला घेऊन गेलात. युम्मा झोपली होती. आठ वाजून गेले होते आणि लख्ख उजेड होता. खाली घर दिसत होतं, पश्चिमेला तो सुळका, आणि सूर्य त्याच्या कितीतरी उजवीकडे, मोकळ्या खिंडीत, कुठेच न अडकता हळूहळू उतरत होता. आपण दोघं गवतात बसलो. मग सुळक्याकडे बघत म्हणालात, "डोंगर मधे आला की दिसत नाय, बाय. पन घड्याळ असला की कलतं."

मला कळलं नाही असं म्हणणार नाही. तुम्ही दार उघडून ठेवलं होतंत, मी फक्त आत यायचं होतं. आणि मी काय बोलले? म्हटलं, गवताचा वास किती छान येतोय ना. तुम्ही म्हणालात, होय. मग तुम्ही सूर्य बुडेपर्यंत थांबलात, उठलात, आणि तिथेच बाजूला जाऊन नमाज पढलात. मी तुमच्या चपला राखत बसले.

परवा मी तुमच्या घरी भाबींकडे गेले होते. त्या इद्दतमध्ये आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायच्या नाहीत, म्हणून बायकाच आळीपाळीनं जाऊन बसतात. तुमच्या आठवणी निघत होत्या. तुमच्या हातचं सांदण, तुमचा हट्ट, आंबोशीची चोरी. ड्रायव्हरची बायको डोळे पुसत म्हणाली, आणि आमचा तो तीनवाला कासम! सगळ्या हसल्या. रडत रडत, मायेनं हसल्या. भाबीसुद्धा. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी बसले होते तिथून उठले, आणि आपलाच आवाज मला ऐकू आला.

"ती चूक त्यांची नव्हती. मला वेळ माहीत होती. मी आईची खोटी शपथ घेऊन त्यांना रोजा सोडायला लावला."

मी भाबींकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बाई मला घराबाहेर काढणार, आणि काढलं तर बरंच. भाबी हातातल्या तस्बीहचे मणी तसेच ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, मना माहीत हाय.

तुम्ही अरबाब हसला त्याच क्षणी ओळखलं होतंत म्हणे. युम्माला मिनिट न चुकवता औषध देणाऱ्या बाईला वेळ माहीत नसेल काय, असं तुम्ही भाबींना म्हणालात. मग तुम्ही मला का नाही विचारलंत, हे भाबींनीही तुम्हाला विचारलं होतं. पोर घाबरली होती, म्हणालात. सांगेल तेव्हा ऐकू. नाही सांगितलं तर आपण कशाला तिला खाली बघायला लावायचं?

आणि मग भाबींनी ती गोष्ट सांगितली, जी ऐकल्यापासून मला धड झोप नाही. कुवेतला परत आल्यावर तुम्ही हुकलेले पाच रोजे लागोपाठ भरून काढलेत. सहाव्या पहाटे भाबी उठल्या नाहीत, तर तुम्हीच उठून चूल पेटवलेली. त्यांनी विचारलं, पाच झाले ना?

"पाच माझे. आता तीन बायचे," तुम्ही म्हणालात. "आईची शपथ घेऊन बसली हाय ती. आपल्यात ही शपथ धरत नाय. पन तिच्यात धरतात. तिकडं म्हातारीला काय झाला तर पोर जन्मभर सोताला खात राहील."

खोटी शपथ फेडायचे तुमच्यातले तीन रोजे. तुमच्या धर्मात न बसणारी शपथ, माझ्या धर्मात न बसणारं प्रायश्चित्त, आणि दोन्हींच्या मधे तुम्ही उपाशी. कासमभाई, हे कुठल्या किताबात लिहिलंय हो? मी परवा तिथे रडले नाही. मला तुमचा राग आला. असं कुणी करतं का? निदान एकदा कान तरी पिळायचा होतात.

मग घरी येताना आठवलं. तेच दिवस होते, ज्या दिवसांत आईला न्युमोनिया झाल्याची तार आली होती आणि मला रजा मिळत नव्हती. तुम्ही दुपारी हॉस्टेलच्या फाटकाशी यायचात, म्हातारी कशी हाय म्हणून विचारायचात. चेहरा सुकलेला असायचा. मी चहा घ्या म्हणायचे, तर पोट भरलेलं आहे म्हणायचात. एकदा तर मी वैतागून म्हटलं होतं, तुम्हाला माझ्या हातचा चहा चालत नाही का आता? तुम्ही म्हणालात, चालतो बाय, परवा घेईन. आणि परवाच्या दिवशी येऊन दोन कप प्यालात.

शपथांवर माझा विश्वास नाही. न्युमोनिया औषधानं बरा होतो, खोट्या शपथेनं होत नाही आणि कुणाच्या रोज्यानं जात नाही. मी नर्स आहे, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तरी त्या तीन दिवसांसाठी मी तुमच्या पाया पडते. ते मला तुम्ही असताना करू दिलं नसतंत.

काल आईचं पत्र आलं. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलंय. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे, म्हणते. स्वतः विहिरीचं पाणी ओढते. आणि खाली लिहिलंय, कासमला सांग, या खेपेला येताना काही आणू नकोस, नुसता ये. तिला अजून कळवलेलं नाही. आज लिहिणार आहे, तुम्ही गेल्याचं, आणि त्याच पत्रात शपथेचं आणि तीन रोज्यांचंही. ती आधी मला शिव्या घालील, मग तुमच्यासाठी धाय मोकलून रडेल. दोन्हीसाठी तिच्या अंगात ताकद आहे, कासमभाई.